४३,५६०

४३,५६० ही एका एकरातील चौरस फुटांची संख्या होय. विदर्भात सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पण सौदा, मक्ता, पेरणी, फवारणी या सगळ्यांचा हिशेब गावात एकरावरच चालतो.

ही संख्या साखळीतून आली. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ६६ फुटांची मोजणी-साखळी तयार केली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब पट्टा म्हणजे एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीत, आणि त्याच पद्धतीने झालेल्या वऱ्हाडच्या मोजणीतही, ३३ फुटांची साखळी आली. तिचा चौरस तो गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर.

मूळ अवयव पाडले तर ४३,५६० = २³ × ३² × ५ × ११². विभाजक तब्बल ७२. स्वतः संख्या सोडून बाकीच्यांची बेरीज १,१२,०५० भरते, म्हणजे मूळ संख्येहून जास्त, म्हणून ही विपुल संख्या. एक ते बारापैकी फक्त साताने तिला भाग जात नाही: तीन भावांच्या वाटणीत प्रत्येकी १४,५२०, पाचांत ८,७१२, आठांत ५,४४५, सात हिस्से केले की सहा फूट उरतात. कपाशी ४ × १ फुटावर लावली तर एकरी बरोबर १०,८९० झाडे बसतात. संत्र्याच्या २० × २० फुटांना मात्र १०८.९ येते, कारण ४०० मध्ये पाच दोनदा आहे आणि इथे एकदाच.

४३,५६० पूर्ण वर्ग नाही. एका एकराचा चौरस पाडायचा तर बाजू सुमारे २०८.७ फूट येते. पूर्ण फुटांत चौरसाच्या सर्वांत जवळचा तुकडा १९८ × २२० चा. दहा एकर मात्र नेमका ६६० फुटांचा चौरस होतो, आणि अडीच एकर ३३० चा.

खरी गंमत गुंठ्याच्या पाढ्यात आहे: १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. पहिले दोन अंक एकेक चढतात, शेवटचे दोन एकेक उतरतात. १,०८९ म्हणजे ११०० वजा ११, त्यामुळे नवापर्यंत कितीही गुंठ्यांचे फूट कागदाशिवाय सांगता येतात. दोन गुंठ्यांचे २१७८ उलटे वाचले की आठ गुंठ्यांचे ८७१२. तीनाचे उलटे सातांचे, चाराचे उलटे सहांचे. पाच गुंठे दोन्हीकडून ५४४५. शाळेत हा पाढा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे करून शिकवायला हवा, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

'अडीच एकर म्हणजे हेक्टर' हे बोलण्यापुरते ठीक आहे. अडीच एकर भरतात १,०८,९०० चौरस फूट, तर हेक्टर सुमारे १,०७,६३९. फरक १,२६१ फुटांचा, म्हणजे गुंठ्याहून जास्त. खरेदीखत करताना तो धरलाच पाहिजे.