खासगी रानातील हरणे आणि कायोटी

अमेरिकेत जमीन मालकाची असली तरी तिच्यावर चरणारे रानटी हरीण त्याचे नसते. ते राज्याचे, म्हणजे सर्व लोकांचे मानले जाते. मालकाच्या हाती राहतो तो चारा, झाडोरा आणि राज्याने आखून दिलेल्या हंगामातली, मर्यादेतली शिकार. टेक्ससमध्ये ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे भवितव्य बरेचसे रँचचे, म्हणजे मोठ्या चराऊ रानांचे, मालकच ठरवतात.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा जवळचा नातलग. मूळचा पश्चिम व मध्य भागातील माळरानांचा. लांडगे मारून संपवल्यावर विसाव्या शतकात तो पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. धडधाकट मोठे हरीण त्याला सहसा सापडत नाही. त्याचा घाला पडतो पाडसांवर, तोही मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा पाडस पळण्याऐवजी गवतात निपचित पडून राहते.

मग कायोटीच मारावेत, हा उपाय पहिल्यांदा सुचतो. दक्षिण कॅरोलायनातील सव्हाना रिव्हर साइट या सरकारी क्षेत्रात तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला. २०१० ते २०१२ या काळात सापळे लावून ४७४ कायोटी काढण्यात आले. आधी शंभरांपैकी सुमारे २३ पाडसे जगत होती. सापळे लावलेल्या त्या तीन वर्षांत हा आकडा अनुक्रमे ५१, २० आणि ४३ असा वरखाली झाला. रिकाम्या झालेल्या हद्दीत भटके कायोटी लवकरच येऊन बसतात. म्हणून सापळे लावायचेच तर पाडसे जन्मण्याच्या थोडे आधी, आणि दरवर्षी. लहान मालकाला हा खर्च झेपत नाही.

टेक्ससमधील सिंटनजवळच्या वेल्डर या खासगी अभयारण्यातला प्रयोग याहून बोलका वाटतो. १९७२ मध्ये तेथे सुमारे ३९० हेक्टरांभोवती कायोटी शिरू नयेत असे कुंपण घातले. आतली हरणे झपाट्याने वाढली. पुढे चारा अपुरा पडला, परजीवींचा त्रास वाढला आणि काही वर्षांत संख्या पुन्हा कुंपणाबाहेरच्या पातळीवर उतरली.

मालकाच्या हातातले खरे साधन म्हणजे माद्यांच्या शिकारीचा आकडा. शिकारीपूर्वी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी माद्या आणि त्यांच्यामागची पाडसे मोजतात. पाडसे कमी दिसली तर त्या हंगामात माद्या कमी मारायच्या. कळप चाऱ्याला भारी होत असेल, तर कायोटीला त्याचा वाटा घेऊ द्यायचा.