पाठीवरचं पुरळ: मुरुमं की बुरशी?

बडोद्यात नवरात्र सरतं आणि पाठ-छातीवरच्या पुरळाचं गाऱ्हाणं सुरू होतं. मध्यरात्रीपर्यंत गरबा, घामाने अंगाला चिकटलेली चोळी नाहीतर केडियू, वरून ऑक्टोबरचा उकाडा. मग कुणी दांडिया बाजारातल्या मेडिकलमध्ये जाऊन सरळ 'खीलची ट्यूब' मागतं (खील म्हणजे गुजरातीत मुरुम) आणि मुरुमांचं मलम घेऊन येतं. महिनाभर लावूनही फरक पडत नाही, कारण काहींना मुरुमं झालेलीच नसतात.

मुरुम म्हणजे तैलग्रंथीची वाट बुजणं. वयात येताना संप्रेरकांमुळे तेल जास्त सुटतं, मृत पेशी केसाच्या मुळाशी चिकटून बसतात आणि आतला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढला की सूज येते. म्हणून मुरुमांत सगळी सरमिसळ दिसते: ब्लॅकहेड, पांढरे दाणे, लाल फोड, पिकलेले फोड, कधी खोल दुखरी गाठ. (ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. कितीही घासा, तो जात नाही, कातडी मात्र सोलवटते.)

दुसरा प्रकार मालासेझिया या यीस्टचा. ही बुरशी आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असते. कोंडा आणि शिबं यांमागेही तीच. त्वचेतल्या तेलावर ती जगते. घाम, दमट हवा आणि घट्ट कपडे मिळाले की केसांच्या मुळांत वाढते. मग छाती, पाठ, खांदे आणि कपाळाच्या केसांलगत दाणे उठतात. सगळे एकाच मापाचे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, जणू मोहरी पसरावी तसे. त्यांत एकही ब्लॅकहेड नसतो. आणि खाज! मुरुम दुखतो, फारसा खाजत नाही. हे पुरळ घाम आला की बेजार करतं. घरी बसून ओळखायचं तर मी खाज आणि सारखेपणा या दोन खुणांवरच भर देईन.

ओळख चुकली तर नुसते पैसेच वाया जात नाहीत. मुरुमांसाठी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या जिवाणूंची वाढ रोखतात, बुरशीला हातही लावत नाहीत. उलट त्वचेवरचे जिवाणू हटले की तिला रान मोकळं मिळतं आणि पुरळ वाढतं. त्याहून वाईट म्हणजे स्टिरॉइड मिसळलेली मलमं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश. पण बुरशी वाढते, शिवाय स्टिरॉइडमुळे वेगळंच मुरुमांसारखं पुरळ उठू शकतं. 2018 मध्ये 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली गेली, तरी ती सहज हाती लागतात.

घरात आजी म्हणणार, उष्णता वाढलीय, सब्जा घे. खुशाल घ्या, पण पाठीला खोबरेल चोळू नका. तेल हे या बुरशीचं खाद्यच.

बुरशीवर 2 टक्के केटोकोनाझोलचा शांपू पाठ-छातीला लावून पाच-दहा मिनिटं ठेवून धुतात. पुरळ जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. काही आठवड्यांत फरक दिसतो, मात्र पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ते परत येऊ शकतं. गरब्याहून आल्यावर घामाचे कपडे तसेच अंगावर ठेवून झोपू नये, हे त्यासाठीच.

मुरुमांना धीर लागतो. अडापॅलिन हे मलम रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर, सोबत 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, खरा परिणाम आठ ते बारा आठवड्यांनी. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तेव्हा पांढरा अभ्रा घाला. गरोदर असाल किंवा त्या विचारात असाल तर अडापॅलिन टाळा. मुरुमांवरच्याच आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर अजिबात नकोत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

कधी एकाच माणसाला दोन्ही असतात: चेहऱ्यावर मुरुमं, पाठीवर बुरशी. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञच गाठावा. दाण्यातला अंश घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की यीस्ट दिसतं. जाताना आधी लावलेल्या ट्यूबचं खोकं न विसरता सोबत न्या.