तीन अधिक चिन्हे, आधी एक सेकंद, नंतर एक सेकंद

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, पण सुरुवात झाली ती मोजक्या महानगरांतून. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला मोडेम, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणारे उपकरण, लावायचा तर आधी एसटीडीने मोठे शहर गाठायचे, म्हणजे इंटरनेटचे शुल्क वेगळे आणि ट्रंक लाइनचे वेगळे. ज्यांना रात्रीच्या सवलतीच्या दरापर्यंत जागणे परवडे ते जागत. अशा वेळी फोन खरोखर ठेवला गेला की नाही, हा थेट बिलाचा प्रश्न होता.

आणि फोन ठेवायला सांगणे वाटते तितके सोपे नव्हते. लाइन लागली की मोडेम ऑनलाइन मोडमध्ये जातो. मग संगणकाकडून येणारे प्रत्येक अक्षर त्याच्या दृष्टीने पलीकडे पोचवायचा माल. ‘फोन ठेव’ असे लिहून पाठवले, तर तेही तो इमानाने पलीकडे पाठवून देणार.

सुरुवातीच्या मोडेमना ही अडचण नव्हती, कारण नंबर माणूसच फिरवायचा आणि रिसीव्हर रबराच्या वाट्यांत ठेवायचा. फोन ठेवणेही हातानेच. पुढे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी संगणकाच्या आत बसणारी मोडेम कार्डे केली. त्यांना हुकूम द्यायला आतून वेगळी वाट होती. १९८१ चा त्यांचा ‘स्मार्टमोडेम’ मात्र बाहेर ठेवायची पेटी होती. कोणत्याही कंपनीच्या संगणकाला चालावी म्हणून ती फक्त सिरियल केबलने जोडलेली, म्हणजे माल आणि हुकूम दोन्ही एकाच तारेवरून येणार. हुकूम ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होत. टोनवर नंबर लावायला एटीडीटी, जुन्या एक्सचेंजवर पल्सने लावायला एटीडीपी, फोन ठेवायला एटीएच.

ऑनलाइन असताना मोडेमचे लक्ष वेधायला त्यांनी खूण ठरवली +++. पण ही तीन चिन्हे एखाद्या मजकुरातही येऊ शकतात. हा लेखच मोडेमवरून पाठवला तर तो त्यात अडकायचा! हेदरिंग्टन यांची खरी कमाल इथे आहे. तीन चिन्हांच्या आधी एक सेकंद काही आलेले नसले आणि नंतरही एक सेकंद काही आले नाही, तरच तो हुकूम. नाहीतर तो माल. त्या मोडेमचा वेग ३०० बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. फाइल सलग जात असताना नेमकी या चिन्हांच्या दोन्ही बाजूंना एवढी पोकळी पडणे जवळपास अशक्यच. खूण ठरली चिन्हांपेक्षा वेळेने, आणि मला हीच या गोष्टीतली सर्वांत सुंदर बाब वाटते. ही खूण पटून मोडेम कमांड मोडमध्ये, म्हणजे हुकूम ऐकायच्या स्थितीत, आल्यावरही लाइन तुटत नाही. एटीओ दिले की संभाषण पुढे चालू.

१९८५ मध्ये या युक्तीला अमेरिकेत पेटंट मिळाले आणि इतर उत्पादकांकडे हेज कंपनी परवाना शुल्क मागू लागली. काहींनी नकार दिला, खटला झाला, १९९१ मध्ये ज्यूरीने हेजच्या बाजूने कौल दिला. शुल्क टाळायला काही चिप उत्पादकांनी वेळेची अटच काढली: +++ च्या मागोमाग एटीचा नीट हुकूम आला की पुरे. हेजचे म्हणणे होते की हे धोक्याचे आहे, आणि ते खरे ठरले. १९९८ च्या सुमारास खोडसाळ लोक इंटरनेटवरून +++ एटीएच हा मजकूर असलेला पिंग, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहण्याचा छोटा संदेश, पाठवू लागले. पिंगला उत्तर देताना संगणक तोच मजकूर परत पाठवतो. तो त्याच्याच मोडेममधून बाहेर पडताना मोडेम हुकूम समजायचा आणि लाइन कट! उपाय एका ओळीचा होता: मोडेमच्या एस२ या रजिस्टरमध्ये, म्हणजे सेटिंग साठवायच्या जागेत, २५५ हा आकडा भरायचा, म्हणजे ही खूणच बंद. हेज कंपनी मात्र त्याच वर्षी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि त्यातून उठली नाही.

एटीची भाषा पुढे मोबाईल फोनच्या जीएसएम मानकात गेली. आज वाळवा, पलूस, तासगाव भागात रात्रीच्या विजेवर मोटर चालवणारे शेतकरी मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे मोबाईल स्टार्टर वापरतात. त्यातल्या जीएसएम मॉड्यूलशी सर्किट बोलते ते एटीनेच. एसएमएस पाठवताना जुनाच प्रश्न पुन्हा येतो, मजकूर संपला हे कसे कळावे? तिथे वेळेऐवजी कंट्रोल-झेड हे वेगळे चिन्ह ठरवले आहे. पण मॉड्यूल डेटा मोडमध्ये, म्हणजे आलेले सगळे पलीकडे पाठवायच्या स्थितीत, असेल तर आजही +++ च लागते. स्टार्टरचे सर्किट स्वतः जुळवणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी त्याच्या आधीची आणि नंतरची थांबण्याची वेळ प्रोग्रॅममध्ये जरूर ठेवावी. तिन्ही चिन्हांमागोमाग लगेच एंटरचा कोड पाठवला, तर वेळेची अट मोडते आणि मॉड्यूल डेटा मोडमध्येच राहते.