गेमसाठी कथालेखन: वर्गात पोहोचण्याआधीची हकिगत

गेमसाठी कथा लिहायला कॉलेजात शिकवतात, यात आता नवल राहिलेलं नाही. हा विषय साहित्याच्या विभागात बसवायचा की डिझाइन-कॉम्प्युटरच्या, यावर मात्र अजून एकमत नाही. अभ्यासक्रम चाळताना एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी शिकवलेल्या दिसतात, त्याचं कारण हेच.

सुरुवातीचा काळ झटपट उरकता येतो. १९७६ च्या सुमारास गुहा धुंडाळायचा नाद असलेल्या एका प्रोग्रामरने 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' हा निव्वळ मजकुराचा गेम लिहिला, पुढच्या वर्षी एका विद्यार्थ्याने तो वाढवला. 'झॉर्क'ही विद्यापीठातल्याच संगणकावर जन्मला. वर्ग मात्र कोणी भरवले नाहीत. ज्याला हौस तो रात्री जागून लिहायचा. ऐंशीच्या दशकात या गेमचा बरा धंदा झाला, मग चित्रांचे गेम आले आणि दशक संपता संपता मजकुराच्या गेमची सर्वांत नावाजलेली कंपनीही बंद पडली.

नव्वदच्या दशकात दोन वाटा सुटल्या. पहिली साहित्याची. अमेरिकेतल्या एका जुन्या विद्यापीठात एक मुरलेला कादंबरीकार हायपरटेक्स्ट कथांची कार्यशाळा घेऊ लागला. विद्यार्थी कथा तुकड्यातुकड्यांनी लिहायचे, तुकडे दुव्यांनी जोडायचे आणि पुढे कुठे जायचं ते वाचकावर सोडायचे. दुसरी वाट तंत्राची: १९९८ साली एका खासगी संस्थेत गेम प्रोग्रॅमिंगच्या पदवीची पहिली तुकडी बसली. दोघांना एकमेकांशी फारसं देणंघेणं नव्हतं.

मग भांडण जुंपलं. १९९७ साली दोन पुस्तकं निघाली. एका लेखिकेचं म्हणणं, संगणक हे गोष्ट सांगण्याचं नवं माध्यम आहे. दुसऱ्या लेखकाचं लक्ष गोष्टीपेक्षा यंत्रणेवर होतं: वाचणाऱ्याला काय करावं लागतं आणि त्यातून मजकूर कसा तयार होतो. पहिल्या पुस्तकात 'टेट्रिस' या वरून पडणारे ठोकळे बसवायच्या गेमचा अर्थ लावला होता. वरून सतत काम कोसळतंय, ते बसवता बसवता जीव मेटाकुटीला आलाय, म्हणजे हे नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी माणसाचंच जगणं. २००१ मध्ये गेमच्या अभ्यासाला वाहिलेलं एक नियतकालिक सुरू झालं आणि त्याच्या पहिल्याच अंकात या अर्थाची यथेच्छ टर उडवली गेली. ठोकळे पडतात, ओळी भरतात. यात गोष्ट आली कुठून? नियमांचा अभ्यास करा, कथेची चौकट गेमवर लादू नका, असा त्या गटाचा आग्रह.

टेट्रिसपुरतं त्यांचं बरोबरच होतं. पण त्या आग्रहामागे निव्वळ तत्त्व नव्हतं, असं माझं मत. नव्या विद्याशाखेला जागा, पदं आणि पैसा लागतो, आणि 'हा साहित्याचाच एक कोपरा' असं ठरलं की यातलं काही हाती लागत नाही. २००३ मध्ये त्याच गटातल्या एकाने लिहूनही टाकलं, की आम्हालाही गोष्टी आवडतात आणि हा वाद खरं तर झालाच नाही. तोवर गेमचे बरेच अभ्यासक्रम डिझाइन आणि प्रोग्रॅमिंगभोवती उभे राहत होते. लेखनाच्या वाट्याला अनेक ठिकाणी एखादा ऐच्छिक पेपर आला.

तिढा थोडा सैल झाला तो साधनांमुळे. २००९ मध्ये ट्वाइन आलं: फुकट, आणि कोड न येणाऱ्यालाही संध्याकाळभरात फाटे फुटणारी गोष्ट रचता येईल असं. २०१६ मध्ये एका छोट्या स्टुडिओने आपली इंक ही फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायची संगणकभाषा सर्वांसाठी खुली केली. आता लेखनाच्या विद्यार्थ्याला खेळून बघता येईल असं काही दाखवता येऊ लागलं. हिशेबही तिथेच कळतो. प्रत्येक टप्प्यावर तीन पर्याय दिले, तर पाच टप्प्यांनंतर २४३ शेवट लिहावे लागतात. म्हणून फाटे फोडायचे आणि पुन्हा एका प्रसंगात आणून मिळवायचे, ही कसरत या वर्गात शिकावीच लागते.

दुसरी कसरत बार्कची. गेममधल्या पहारेकऱ्याला आवाज आला की तो जे ओरडतो, ते बार्क. 'कोण आहे तिकडे?' एकदा चालतं. तासाभरात तीसदा ऐकलं की खेळणारा आवाज बंद करतो. म्हणून स्प्रेडशीटमध्ये रकाने भरायचे: कोण बोलतो, कधी बोलतो, ओळ, आणि भाषांतर करणाऱ्यासाठी टीप. वीस ओळी, एकच अर्थ, आणि प्रत्येकीत तोच माणूस ओळखू आला पाहिजे.

धंद्यात या लेखनाची किंमत वरखाली होत राहिली. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने २००८ पासून गेमलेखनालाही पुरस्कार दिला आणि २०१९ मध्ये तो थांबवला. २०२३ च्या मार्चमध्ये एका बड्या फ्रेंच कंपनीने बार्कचे पहिले खर्डे करून देणारं स्वतःचं एआय साधन जाहीर केलं. लेखकाचा वेळ वाचावा, हा हेतू सांगितला. पण नवख्याचा हात बसतो तो नेमका याच कामावर. यंत्राने दिलेल्या ओळी निवडायला आणि कापायला शिकवा, असं एक म्हणणं आहे. मला ते पटत नाही: ज्याने शंभर ओळी स्वतः लिहून खोडल्या नाहीत, तो निवडणार कशाच्या जोरावर?