पार्श्वभूमी : जुने चित्रपट डिस्कवर का येत नव्हते, आणि मग कसे आले

एखादा गाजलेला जुना चित्रपट घरी पाहण्यासाठी डीव्हीडीसारख्या डिस्कवर मिळत नसेल तर पहिला अंदाज असतो तो मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्याचा. मूकपटांच्या बाबतीत हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात निघालेल्या सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरलेले फक्त १४ टक्के आहेत, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. पण अशा डिस्क जमवणाऱ्या संग्राहकांच्या हव्या असलेल्या चित्रपटांच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षे अडकलेली नावे पाहिली तर त्यात मूकपट कमी आणि तीस ते साठच्या दशकांतले बोलपट जास्त दिसतात. मोठ्या स्टुडिओंच्या या बोलपटांची रिळे बहुतांशी जपलेली आहेत. त्यांची वाट अडली ती हक्कांच्या कागदपत्रांमुळे आणि खर्चाच्या गणितामुळे.

आधी कागदपत्रांचे पाहू. या चित्रपटांचे करार झाले तेव्हा घरी बसून विकतची प्रत पाहण्याची सोयच नव्हती. गाणे घेतले ते थिएटरसाठी, फार तर पुढे टीव्हीसाठी. ज्या कादंबरीवर किंवा नाटकावर चित्रपट बेतला तिचे हक्क ठरावीक वर्षांपुरते. मुदत संपली की वारसदारांना शोधा, त्यांच्यात एकमत करा आणि मग नवा करार. एका गाण्यासाठी अख्खा चित्रपट अडून बसल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. त्यात पन्नाशीच्या दशकातल्या घाऊक विक्रीची भर. टीव्हीने प्रेक्षक पळवल्यावर स्टुडिओंनी आपला जुना माल त्याच टीव्हीला देऊन टाकला. १९५८मध्ये एका मोठ्या स्टुडिओने १९२९ ते १९४९ या काळातले सातशेच्या आसपास बोलपट एकगठ्ठा विकले. आज ते त्याच्या एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचे आहेत. सुरुवातीला पडद्यावर झळकणारे बोधचिन्ह एकाचे आणि हक्क दुसऱ्याचे, असा हा मामला आहे. नव्या मालकाला स्वतःच्या जुन्या चित्रपटांची निगा राखायची असते. विकत घेतलेल्या या सावत्र चित्रपटांची पाळी शेवटी येते. संग्राहकांची सर्वांत जुनी तक्रार याच संचाबद्दल आहे, आणि ती रास्त आहे.

उलट प्रकारचीही अडचण होती. अमेरिकेच्या जुन्या कायद्यात कॉपीराइट आधी २८ वर्षांचा असे आणि पुढे अर्ज करून वाढवावा लागे. ज्यांचा अर्ज करायचा राहून गेला ते चित्रपट सार्वजनिक मालकीचे झाले. मग कोणीही १६ मिलिमीटरची झिजलेली प्रिंट मिळवायची आणि कॅसेट काढायची. बाजारात दहा आवृत्त्या, दहाही गढूळ, संवाद खरखरीत. चांगली निगेटिव्ह ज्याच्या कपाटात आहे तो म्हणणार, मी खर्च करून स्वच्छ प्रत काढली की महिन्याभरात तिचीच नक्कल विकली जाईल, मग मी कशाला हात घालू? असे चित्रपट सगळीकडे मिळत, पण धडपणे पाहायला कुठेच मिळत नसत.

कॅसेटचा काळ झरझर उरकता येईल. बीटामॅक्स १९७५चे, व्हीएचएस १९७६चे. १९७७मध्ये एका स्टुडिओकडून परवाना घेऊन पन्नास चित्रपट कॅसेटवर विक्रीला आले आणि दुकानांमधून भाड्याचा धंदा उभा राहिला. १९७८च्या अखेरीस लेझरडिस्क आली. संग्राहक ही जमात घडली ती या थाळीएवढ्या डिस्कवर. १९८४मध्ये चित्रपट चालू असताना ऐकायची पहिली ध्वनिमुद्रित टिप्पणी लेझरडिस्कवर आली, आणि रुंद पडद्याचा चित्रपट वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून मूळ आकारात दाखवण्याचा आग्रहही याच सुमारास धरला जाऊ लागला. त्याआधी दोन्ही बाजू छाटून चित्र चौकोनी टीव्हीत बसवत. संवाद दोन पात्रांचा, आणि दिसत असे फक्त एकाचे नाक.

खरी उमेद वाढवली ती डीव्हीडीने. १९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७च्या मार्चमध्ये अमेरिकेत ती आली. डिस्क छापायला स्वस्त, कपाटात मावणारी आणि भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेण्यासारखी. १९९७ ते २००६ हे दशक जुन्या चित्रपटांच्या चाहत्यांसाठी सुगीचे होते. नटनट्यांच्या नावाने अनेक डिस्कच्या पेट्या निघाल्या. काही आवृत्त्यांत चित्रपट ज्या वर्षीचा त्या वर्षीच्या थिएटरमधल्या संध्याकाळचा क्रमच मांडलेला असे: आधी वृत्तपट, मग कार्टून, मग एखादा लघुपट, आगामी चित्रपटाची जाहिरात, आणि नंतर मुख्य चित्रपट. एका स्टुडिओने कोणती नावे आधी काढायची यावर ग्राहकांचे मतदानही घेतले. आपली यादी कोणीतरी वाचते आहे ही भावना तेव्हा पहिल्यांदा आली आणि त्या भावनेनेच याद्या लांबत गेल्या.

या दशकातही खटकणाऱ्या गोष्टी होत्या. रीजन कोडमुळे एका खंडातली डिस्क दुसऱ्या खंडातल्या प्लेअरवर चालत नसे. टीव्हीची पाल पद्धत असलेल्या देशांत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींनी धावे, म्हणजे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे आणि पात्रांचा आवाज किंचित चढा लागे. कान तयार असलेल्याला आवडत्या गायिकेचा सूर चढलेला लगेच जाणवे. तरीही दर महिन्याला काहीतरी नवे येत होते आणि उरलेलेही येईल असे वाटत होते.

२००७-०८मध्ये ते थांबले. मंदी आली, दुकानांनी डिस्कच्या फळ्या कमी केल्या, आणि ब्लू-रे व एचडी डीव्हीडी या अधिक स्पष्ट चित्राच्या दोन नव्या डिस्कप्रकारांतले २००६पासूनचे भांडण २००८च्या फेब्रुवारीत मिटेपर्यंत कोणालाच पुढचा अंदाज नव्हता. गणित साधे होते. डिस्क छापायची तर आधी साचा करावा लागतो, ठरावीक संख्येने प्रती काढाव्या लागतात, त्या गोदामात ठेवाव्या लागतात आणि न खपलेल्या परत घ्याव्या लागतात. चाळीसच्या दशकातल्या एखाद्या दुय्यम गुन्हेपटाला जगभरात काही हजार ग्राहक असतील तर या पद्धतीत तो कधीच बसत नाही. तोवर मोठी नावे काढून झाली होती आणि उरली होती ती सगळी अशीच.

यावर २००९च्या मार्चमध्ये एका मोठ्या स्टुडिओने जो निर्णय घेतला त्यावर आजही वाद होतो. दीडशे चित्रपटांची यादी जाहीर झाली. ते दुकानात मिळणार नव्हते. ग्राहकाने मागणी नोंदवायची, मग त्याच्यासाठी एक डिस्क बर्न करून टपालाने पाठवायची. साचा नाही, गोदाम नाही, परतीचा माल नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत इतर स्टुडिओंनीही हाच मार्ग धरला आणि पहिल्या स्टुडिओची यादी हजाराच्या पुढे गेली.

संग्राहकांनी स्वागताऐवजी कडाडून विरोध केला. त्यांचे आक्षेप नीट समजून घ्यायला हवेत, कारण पुढे ते सगळे एकाच शब्दात, ‘रडगाणे’ म्हणून, मोडीत काढले गेले. पहिला आक्षेप खुद्द डिस्कवर होता. छापील डीव्हीडीत माहिती प्लास्टिकच्या थरात खड्ड्यांच्या रूपाने दाबलेली असते. बर्न केलेल्या डिस्कमध्ये ती सेंद्रिय रंगाच्या थरावर लेझरने उमटवलेली असते आणि तो रंग ऊन व उष्णता यांनी उतरतो. काही जुने प्लेअर अशी डिस्क उघडतच नसत. दुसरा आक्षेप मांडणीवर. मेनू जेमतेम, दृश्यांची यादी नाही, दर दहा मिनिटांनी यांत्रिकपणे पाडलेले टप्पे आणि जोडीला फार तर एखादी जाहिरात. तिसरा, अनेक चित्रपटांसाठी वापरलेले मास्टर, म्हणजे ज्यावरून डिस्क काढतात ते मूळ ध्वनिचित्रण, नव्वदच्या दशकात टीव्हीवर दाखवण्यासाठी केलेले होते. चौथा, सुरुवातीला ही सोय फक्त अमेरिकेतल्या पत्त्यांसाठी होती. आणि किंमत मात्र दुकानातल्या छापील जुन्या चित्रपटापेक्षा कमी नव्हती.

यांपेक्षा मोठी भीती पाचवी होती आणि ती थेट आशेशी जोडलेली होती. ज्या चित्रपटासाठी दहा वर्षे थांबलो तो बर्न डिस्कच्या रांगेत गेला म्हणजे स्टुडिओच्या वहीत त्याच्यापुढे ‘झाले’ अशी खूण पडली. आता त्याचे नवे स्कॅन, दुरुस्ती, पेटी, टिप्पणी काहीच होणार नाही. चित्रपट मिळाला आणि कायमचा गेलाही, असे लोक म्हणत होते. त्यात तथ्य होते. या रांगेत गेलेले कितीतरी चित्रपट आजही त्याच जुन्या मास्टरवर आहेत.

माझे मत असे, की निर्णय बरोबर होता आणि डिस्क चुकीची होती. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि वादात ते सतत एकत्र कालवले गेले. काहीच न काढण्याचा पर्याय हाताशी असताना स्टुडिओने तिसऱ्या फळीतले गुन्हेपट, विसरलेले संगीतपट, मूकपट ते बोलपट या संक्रमणातले कच्चे पण मोलाचे प्रयोग बाहेर काढले. व्यापाराच्या हिशेबाने ते कधीच निघाले नसते. निर्णयाला विरोध करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या कपाटात पुढे याच डिस्क सर्वांत जास्त झाल्या. पण तीस वर्षे टिकावी अशी वस्तू विकतो आहोत असे भासवून टिकाऊपणाची खात्री नसलेले माध्यम देणे योग्य नव्हते, आणि तक्रार केली म्हणून ग्राहकाला हट्टी ठरवणे त्याहून अयोग्य होते.

तक्रारींचा उपयोग झाला. २०१२पासून त्याच योजनेतून छापील ब्लू-रे येऊ लागल्या, आणि हळूहळू त्या मूळ निगेटिव्हच्या नव्या स्कॅनवर आधारलेल्या असू लागल्या. तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर या जुन्या रंगीत चित्रणपद्धतीत याचा फरक सर्वांत ठळक दिसतो. या पद्धतीत एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह चित्रित होत, प्रत्येकीत एकेका रंगाची नोंद. साठ-सत्तर वर्षांत तिन्ही आकसतात, पण सारख्या आकसत नाहीत. जुन्या प्रतीत नायकाच्या पांढऱ्या कॉलरला एका कडेने लाल आणि दुसरीकडे हिरवट झालर दिसते ती त्यामुळे. तिन्ही वेगवेगळ्या स्कॅन करून संगणकावर चौकटीगणिक जुळवल्या की ती झालर जाते आणि कॉलरची शिवण दिसते. काम खर्चिक आहे, म्हणून वर्षाला मोजकेच असे चित्रपट येतात, आणि आजच्या याद्यांत सर्वांत वर तीच नावे असतात.

ब्लू-रेच्या पहिल्या वर्षांत आणखी एक धडा मिळाला. मोठा सपाट टीव्ही नुकताच घेतलेल्या ग्राहकाला फिल्मचे दाणे, म्हणजे फिल्मवरच्या चित्रात मुळातच असलेला बारीक कणीदारपणा, हा बिघाड वाटे, म्हणून स्टुडिओ ते पुसून टाकत. दाण्यांबरोबर त्वचेची रंध्रे आणि लोकरी कोटाची वीणही पुसली जाई. चेहरे मेणाचे दिसत. २००८ची एका गाजलेल्या युद्धपटाची ब्लू-रे यासाठी बदनाम झाली आणि चार वर्षांनी त्याच चित्रपटाची नवी आवृत्ती काढावी लागली. तेव्हापासून संग्राहकांचा प्रश्न बदलला. ‘येणार का’ याऐवजी ‘कशावरून स्कॅन केले’ हे आधी विचारले जाऊ लागले.

दरम्यान स्टुडिओंनी आपले जुने चित्रपट छोट्या लेबलांना, म्हणजे डिस्क काढणाऱ्या छोट्या कंपन्यांना, भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०११मध्ये सुरू झालेले एक लेबल बहुतेक चित्रपटांच्या फक्त ३,००० प्रती काढत असे. संपल्या की संपल्या. यामुळे न येणारे चित्रपट आले, पण चार दिवस उशीर केलेल्याला दुसऱ्या हाताच्या बाजारात चौपट मोजावे लागले. २०१६मध्ये आलेल्या, ब्लू-रेपेक्षाही स्पष्ट चित्राच्या ४के डिस्कला रीजन कोड नाही, ही त्या मानाने निखळ चांगली गोष्ट.

टिकाऊपणाचा वादही मिटला नाही. २००६ ते २००८ दरम्यान छापलेल्या काही डीव्हीडी चालेनाशा झाल्याचे एका मोठ्या स्टुडिओने २०२५मध्ये मान्य केले. कपाटात व्यवस्थित ठेवलेली, ओरखडा नसलेली डिस्क मधल्याच दृश्यात अडते किंवा प्लेअर ती वाचतच नाही. यातल्या काही त्याच सुगीच्या शेवटच्या काळातल्या पेट्या. जिथे हक्क संपले आहेत तिथे बदली प्रत मिळत नाही, म्हणून एकदा यादीतून खोडलेली नावे पुन्हा यादीत लिहिली जात आहेत. प्लेअर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या बाजारातून बाहेर पडल्या आहेत, आणि ऑनलाइन सेवांवरचे जुने चित्रपट करार संपताच दिसेनासे होतात. त्यामुळे हाती डिस्क असावी हा आग्रह कमी होण्याऐवजी वाढला आहे.

आता कागदपत्रांची बाजूही हलू लागली आहे. अमेरिकेत ९५ वर्षांची मुदत संपून १९२९चे बोलपट २०२५च्या जानेवारीत आणि १९३०चे २०२६च्या जानेवारीत सार्वजनिक मालकीचे झाले. म्हणजे टीव्हीला विकलेल्या त्या सातशे बोलपटांतले सुरुवातीचे आता सुटू लागले आहेत. निगेटिव्ह मात्र अजून त्याच कपाटात आहे आणि तिची किल्लीही त्याच मालकाकडे. गढूळ आवृत्त्या बाजारात येण्याआधी तो चांगली प्रत काढतो की पूर्वीसारखा हात आखडता घेतो, याकडे आता संग्राहकांचे लक्ष आहे.