लाइम आजार आणि वर्तुळाकार चट्टा
‘गोचीड चावल्यावर लाल वर्तुळांचा चट्टा उठला नाही, तर लाइम आजार नाही,’ गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या या जिवाणूजन्य आजाराबद्दलचा हा समज अमेरिका-युरोपात दीर्घकाळ प्रचलित आहे. प्रत्यक्षात सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांनाच चट्टा उठतो, आणि तोही पुष्कळदा सलग तांबूस असतो. चावल्याबरोबर येणारी लाली ही बहुधा त्वचेची साधी प्रतिक्रिया असते. आजाराचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उमटून पसरत जातो, म्हणून त्याच्या कडेला पेनाने खूण करून तो वाढतो का, हे रोज पाहावे. सुरुवातीच्या रक्ततपासणीवरही विसंबता येत नाही, कारण तीत शोधली जाणारी प्रतिपिंडे (जंतूंशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने) तयार होण्यास काही आठवडे लागतात. चट्ट्याविना ताप, गुडघ्याची सूज किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे आढळल्यास, गोचिडींच्या प्रदेशात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.