रीलफूट सरोवरातील क्रॅपी-मासेमारी

अमेरिकेच्या टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील रीलफूट या उथळ, गोड्या पाण्याच्या सरोवरात क्रॅपी मासे गळाने धरण्याची पद्धत. क्रॅपी हे सेंट्रार्किडी कुलातील पोमॉक्सिस प्रजातीचे मासे. पांढरा क्रॅपी (पो. अ‍ॅन्युलॅरिस) व काळा क्रॅपी (पो. नायग्रोमॅक्युलेटस) या दोन्ही जाती येथे मिळतात. विणीच्या काळात नरांचा रंग गडद होतो. त्यामुळे जात ओळखताना पृष्ठपक्षाचे (पाठीवरील पराचे) काटे मोजणे अधिक भरवशाचे. पांढऱ्यात ते सहसा सहा, काळ्यात सात किंवा आठ असतात.

सरोवराची उत्पत्ती १८११-१२ च्या न्यू मॅड्रिड भूकंपमालिकेशी जोडतात. जमीन खचली आणि मिसिसिपीचे पाणी आत शिरले, ही जुनी समजूत. नदी काही काळ उलटी वाहिल्याच्या हकिकतींनी ती रुजली. भूवैज्ञानिक मायरन फुलर यांच्या १९१२ च्या अहवालात खचलेल्या आणि उचललेल्या अशा दोन्ही प्रकारच्या जमिनींची नोंद आहे. पुढील अभ्यासकांच्या मते रीलफूट विभंगाच्या (भूकवचातील भेगेच्या) पश्चिमेकडील भाग वर आल्याने पूर्वेकडून येणारे ओढ्याचे पाणी अडले, आणि ही घटना बहुधा ७ फेब्रुवारी १८१२ च्या धक्क्यातील असावी. हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. मात्र तेथे आधीपासून दलदल व जुने प्रवाह असावेत. संपूर्ण खोलगट भाग भूकंपाने नव्याने घडवला, असे मानण्याची गरज नाही. मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे पाण्याखाली गेलेले सायप्रसचे वन. त्याचे खुंट आजही तळाशी उभे आहेत आणि क्रॅपी त्यांच्याच आडोशाला राहतात.

वसंतात पाण्याचे तापमान सुमारे १६ ते २० अंश सेल्सियसवर आले की मासे अंडी घालण्यासाठी काठाजवळ येतात आणि नर घरट्याची राखण करतो. सायप्रसच्या बुंध्यालगत तरंगकाखाली लहान जिवंत मासा किंवा जिग (गळासह वजनदार कृत्रिम आमिष) सोडतात. क्रॅपीच्या तोंडाची त्वचा पातळ असल्याने गळ जोराने ओढल्यास ती फाटते. उन्हाळ्यात मासे त्यातल्या त्यात खोल भागांतील खुंटांकडे सरकतात. तेव्हा होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) गळाच्या अनेक काठ्या पसरून लावतात व होडी अगदी संथ चालवतात. मोठ्या डोळ्यांचा हा मासा पहाटे, संध्याकाळी व रात्री अधिक खातो. शरद ऋतूत पाणी निवले की तो लहान शॅड माशांच्या मागे लागतो. हिवाळ्यातही क्रॅपी मिळतात, पण आमिष फार हळू हलवावे लागते.

खुंटांमुळे येथे ‘स्टम्प-जम्पर’ ही खास होडी घडली. तिच्या वल्ह्यांना बिजागरी असल्याने नावाड्याला पुढे तोंड करून वल्हवता येते आणि वाटेतला खुंट वेळीच दिसतो. कॅलहून घराण्याने ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. डेल कॅलहून यांना १९९८ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. १९०८ मध्ये एका जमीन कंपनीने सरोवरावर मालकी सांगितल्यावर स्थानिकांनी हिंसक उठाव केला. पुढे सरोवर राज्याकडे आले. पूर्वेकडील लोएसच्या (वाऱ्याने साचलेल्या बारीक मातीच्या) टेकड्यांतून वाहून येणारा गाळ हा आजचा गंभीर प्रश्न असून, मुळातच कमी असलेली खोली त्याने आणखी घटत आहे.